एका घरात दोन पॉलिसी

आमच्या घरात आजारी कोण, हा प्रश्न आम्हाला प्रथम विचारला तो एका विमा कंपनीने. त्याआधी तो कोणी विचारला नव्हता. कारण मी सोडून आमच्या घरात कोणी आजारी नाही, अशी माझी खात्री होती आणि माझा आजार कोणाला ठाऊक नाही, अशी समजूत होती. हीच खात्री आणि हीच समजूत, फक्त माणसांची अदलाबदल करून, माझ्या पत्नीचीही होती. दीर्घ संसारानंतर नवराबायको एकमेकांसारखी दिसू लागतात म्हणे. दिसण्याचे मला ठाऊक नाही. पण लपवण्याच्या बाबतीत आम्ही अगदी जुळ्या भावंडांसारखे झालो होतो, हे कंपनीच्या गारठलेल्या कार्यालयात, एका टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलेलो असताना सिद्ध झाले.

परंतु एकदम कार्यालयात शिरणे बरे नव्हे. आधी आक्कांविषयी सांगायला हवे.

आक्का म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. आईच्या माघारी हिला आक्कांनीच वाढवले. वेणी घालणे, शाळेत पोचवणे, ताप आला की उशाशी बसणे ही सगळी कामे त्यांनी, स्वतः लहान मुलगी असतानाच, केली. पुढे त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त समुद्रापलीकडे गेला आणि आक्काही त्याच्यामागोमाग गेल्या. तेव्हापासून दोघी बहिणी फोनवर बोलत. ते बोलणे मी इतकी वर्षे शेजारच्या खुर्चीतून ऐकत आलो. त्यात महत्त्वाचे असे काही नसे. इकडे पाणी आले का, तिकडे ऊन पडले का, गुडघा काय म्हणतो. पूर्वी आक्का शेवटी म्हणत, “ये ना एकदा.” पुढे पुढे म्हणू लागल्या, “जमलं तर बघ.” आणि मग त्यांनी म्हणणेच सोडले. हे सोडणे माझ्या लक्षात आले नव्हते. पत्नीच्या आले होते.

“आक्का हल्ली ‘ये’ म्हणत नाही,” एकदा भाजी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली.

“म्हणजे आपल्याला जमत नाही हे तिला कळलंय,” मी समजूतदारपणे म्हणालो.

“हो ना. तेच म्हणतेय मी.”

त्यानंतर बातमी आली. आक्कांच्या मुलाची बदली झाली होती. राहते घर विकायचे, त्याने दुसऱ्या गावी जायचे आणि आक्कांनी वृद्धांच्या निवासात राहायचे, असे ठरले होते. निवास चांगला होता. खोली स्वतंत्र, खिडकीला ऊन, चोवीस तास परिचारिका. फक्त खोलीत खाट एकच, आणि पाहुण्यांनी दिवसा यायचे व दिवसाच जायचे.

“म्हणजे केव्हाही गेलं तरी भेटता येईल,” मी म्हणालो.

“भेटता येईल हो.” तिने निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. “पण शेजारी शेजारी अंथरूण घालून पडता नाही येणार.”

माणसाला काय हवे आहे, हे कधी कधी इतक्या लहान वाक्यात येते की ते ऐकणाऱ्याला पळवाट राहत नाही. घर रिकामे व्हायच्या आत आम्ही दोघांनी जायचे, असे मी त्याच बैठकीत जाहीर केले. एक मुदत ठेव मुदतीआधी मोडली. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे ‘मॅनेजर’च म्हणतात. ठेव मोडल्याचे ऐकून त्यांनी असा चेहरा केला की जणू मी ठेव नव्हे, कोणाचे तरी लग्न मोडले आहे. तिकिटे मात्र त्यांच्याच सल्ल्याने काढली: सर्वांत स्वस्त, आणि म्हणून रद्द केल्यास एक पैसाही परत न मिळणारी.

राहिला प्रवास विमा. त्या देशाच्या व्हिसासाठी तो लागतोच. मला वाटले, हा तर माझ्या हातचा मळ. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात उभी हयात निविदांच्या अटी लिहिण्यात घालवली. पोटकलमाला पोटकलम आणि त्याला तळटीप, अशी माझी रचना असे. कंत्राटदार माझ्या अटी वाचण्यासाठी वकील लावत आणि वकील मला भेटायला येत. असा मनुष्य पॉलिसीच्या बारीक अक्षरांना काय भिणार? पहिल्या पानावर मी नम्र झालो. तिसऱ्या पानावर मला त्या कंत्राटदारांची दया आली.

आमच्या इमारतीत कोणतीही गोष्ट एकट्याने करण्याची पद्धत नाही. जिन्यात भेट झाली की विषय निघतो, विषय निघाला की दारे उघडतात. तसे मॅनेजर खाली आले आणि समोरच्या दारातून जगप्रवासी मावशी बाहेर आल्या. मावशी लेकीकडे तीनदा परदेशी जाऊन आल्या आहेत आणि तेव्हापासून त्या तापमान परदेशी मापातच सांगतात.

“भाऊ, मी तुम्हाला एकच सांगते,” मावशी म्हणाल्या. “आजाराबिजाराचं विचारलं की नाही म्हणायचं. रक्तदाब? नाही. साखर? नाही. हृदय? नाही.”

“हृदयसुद्धा नाही?” मॅनेजरांनी विचारले.

“मी तिन्ही वेळा असंच भरलं. झालं काही?”

“आणि झालं असतं तर?”

“झालं नाही ना!”

मॅनेजर माझ्याकडे वळले. “साहेब, हे ऐकू नका. आजार लपवला आणि तिथे पाय मोडला, तरी कंपनी म्हणू शकते की चक्कर आली म्हणून पडलात, आणि चक्कर रक्तदाबाची. तिथल्या दवाखान्याचं बिल म्हणजे घर विकायची वेळ. आहे ते सगळं सांगा. हप्ता वाढू दे. हे माझं अधिकृत मत.”

“आणि वैयक्तिक?”

“वैयक्तिक विचाराल तर,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “जे होणार नाही त्याचे पैसे कशाला भरायचे?”

मॅनेजरांना प्रत्येक विषयावर अशी दोन मते असतात. बँकेत त्यांचे बरे चालले असावे.

मी अधिकृत मत स्वीकारले, आणि तिथेच अडचण उभी राहिली. मला सांगण्यासारखे काहीतरी होते. बरेच महिने जिना चढताना माझी छाती आवळून येत असे. मधल्या वळणावर सूचनाफलक आहे. तिथे मी थांबे आणि पाण्याची टाकी धुण्याची तीच ती सूचना लक्षपूर्वक वाची. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटे, काय जागरूक नागरिक आहे! डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या आणि मोठ्या तपासण्या करायला सांगितल्या होत्या. गोळ्या चष्म्याच्या डबीत ठेवल्या आणि तपासण्या परत आल्यावर करू, असे ठरवले. पत्नीला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. तिला कळले असते तर तिने माळ्यावरून काढलेली बॅग निमूटपणे पुन्हा माळ्यावर टाकली असती आणि आक्कांचे नाव पुन्हा काढले नसते. ते न काढलेले नाव घरात घेऊन राहणे मला जमले नसते.

म्हणून एका दुपारी, ती बाहेर गेलेली असताना, मी संगणकावर दोघांचा प्रस्ताव भरायला बसलो. माझ्याविषयी सगळे खरे लिहिले. ‘यापूर्वी कधी वैद्यकीय उपचार घेतले आहेत काय?’ या प्रश्नाला जुन्या सवयीने ‘परिशिष्ट अ’ जोडले आणि त्यात लहानपणच्या काविळीपासून सुरुवात केली. ‘धोकादायक खेळांत भाग घेता काय?’ यापाशी बराच अडखळलो. खोल पाण्यात बुडी, हिमशिखरे, उडत्या छत्र्या यांच्याशी माझा संबंध नव्हता. पण स्टुलावर खुर्ची ठेवून माळा साफ करणे कशात धरायचे, हे कुठेच स्पष्ट केलेले नव्हते. निविदेत मी अशी संदिग्धता ठेवली नसती.

पत्नीविषयी विचारायचे म्हणून तिला चहाच्या वेळी सहज विचारले, “काय गं, तुला काही होत नाही ना?”

“मला काय धाड भरलीय?” ती म्हणाली. मग कप खाली ठेवून तितक्याच सहजपणे तिने विचारले, “आणि तुम्हाला?”

“मी ठणठणीत!”

दोघांनी चहा संपवला. मी आत जाऊन तिच्या रकान्यात ‘काही नाही’ असे भरून पैसे चुकते केले. एका जबाबदार पतीचे काम केल्याचे समाधान मला बरेच दिवस पुरले.

मग कंपनीचा फोन आला. ओळखपत्र घेऊन कार्यालयात या, प्रस्तावात थोडी विसंगती आहे, असे एक सौम्य आवाज म्हणाला. माझ्या लेखनात विसंगती! मी पत्नीला सांगितले की निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात जाऊन येतो. ती म्हणाली, “बरं झालं, मीही मावशींबरोबर पडद्यांचं कापड बघून येते.”

कंपनीच्या दालनात कोचावर ती बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

“पडद्यांचं कापड इथे मिळतं का?” मी विचारले.

“निवृत्तिवेतन इथे मिळतं का?” तिने विचारले.

एवढ्यात आम्हा दोघांनाही एकाच नावाने, म्हणजे आडनावाने, पुकारले गेले.

अधिकारी तरुण बाई होती. तिच्या समोर दोन फायली होत्या आणि तिला हसू दाबायचे प्रशिक्षण मिळालेले होते, पण ते आज अपुरे पडत असावे.

“सर, तुम्ही दोघांसाठी एक पॉलिसी घेतलीत. तिच्यात तुम्हाला छातीचा त्रास आहे आणि मॅडमना काहीही नाही.” तिने दुसरी फाईल उघडली. “मॅडमनी एजंटकडून दोघांसाठी दुसरी घेतली. तिच्यात मॅडमना रक्तदाब आहे, अधूनमधून चक्कर येते, दोन गोळ्या चालू आहेत. आणि तुम्हाला काहीही नाही. प्रवास तोच, विमान तेच. मग आम्ही तुमच्यापैकी आजारी कोणाला धरायचं?”

मी पत्नीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. एरवी घरातल्या अशा प्रसंगी कोणीतरी स्वयंपाकघरात निघून जाते. इथे जायला जागा नव्हती.

“चक्कर?” मी म्हणालो.

“छाती?” ती म्हणाली.

“केव्हापासून?”

“तुम्ही आधी सांगा.”

“मी विचारलं तर म्हणालीस, धाड भरली नाही.”

“आणि तुम्ही ठणठणीत! तरीच म्हटलं, चष्मा डोळ्यांवर असताना डबी कशाला खिशात घालून फिरतात.”

“तू गोळ्या कुठे ठेवतेस?”

“साखरेच्या डब्यामागे. तुम्ही साखर कधी काढून घेतलीय का हाताने?”

अधिकारी बाईने आम्हाला पाणी दिले. मावशींनी सगळ्याला ‘नाही’ म्हणायला शिकवले होते, मग तू खरे का लिहिलेस, असे मी विचारल्यावर पत्नी म्हणाली, “मला तिथे काही झालं तर खर्च तुमच्यावर आणि आक्काच्या पोरावर पडला असता. तुमच्यापासून लपवायचं होतं. कंपनीपासून कशाला लपवू?” आक्षेप घ्यावा असे या उत्तरात मला काही सापडेना, कारण माझे उत्तर शब्दशः तेच होते.

बाई समजूतदार निघाली. दोन्ही पॉलिसी अजून मुदतीत परत करता येतील, असे तिने सांगितले. पण एका प्रवासाला दोन पॉलिसी आणि दोन्हींत अर्धे अर्धे सत्य, असे ठेवून गेलात तर ऐन वेळी दोन्ही कागदच ठरतील. दोघांनी मिळून नवा प्रस्ताव भरायचा, एकमेकांसमोर बसून भरायचा, आणि कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे. “बाकी,” तिने टेबलावरची पेन्सिल सरळ करत म्हटले, “इतक्या काळजीने खोटं लिहिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.” हे प्रशस्तिपत्र होते की ताशेरा, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे शिरलो. दोघांना एकत्र पाहताच त्यांनी खुर्चीत अंग टाकले.

“सुटलो एकदाचा!” ते म्हणाले. “काका म्हणायचे, हिला सांगू नका. काकू म्हणायच्या, यांना सांगू नका. तुमची दोघांची कार्डं एकाच पाकिटात असतात. एक काढताना दुसरं मला टेबलाखाली लपवावं लागायचं.”

तपासण्या झाल्या. पत्नीचा रक्तदाब औषधाने आटोक्यात होता. कंपनीने थोडा जास्त हप्ता घेऊन तिला पॉलिसी देऊ केली. माझे मात्र निराळे झाले. सरकत्या पट्ट्यावर चालवून घेतलेल्या चाचणीत मी चौथ्याच मिनिटाला सूचनाफलक शोधू लागलो. पुढच्या तपासणीत एक रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे नाही, महिनाभर औषधावर ठेवू, मग काय करायचे ते पाहू. मात्र तोवर लांबचे विमान नको. कंपनीने दोन ओळींच्या पत्रात माझा प्रस्ताव नाकारला. मी आयुष्यात शेकडो निविदा नाकारल्या. नाकारलेल्याला ते पत्र कसे दिसते, हे प्रथमच पाहिले. त्यात ‘खेद’ हा शब्द होता. मीही तोच वापरत असे.

“मग प्रश्न मिटला,” पत्नी म्हणाली. “तुम्ही नाही, तर मीही नाही. आक्काला फोन करून सांगते.”

तिने फोन उचलला, नंबर लावायला घेतला आणि खाली ठेवला. “आत्ता ती झोपली असेल.” दुसऱ्या दिवशी म्हणाली, आत्ता ती फिरायला गेली असेल. तिसऱ्या दिवशी तिने कारण दिलेच नाही. बॅग अजून दिवाणाशेजारी उघडी पडलेली होती. ती माळ्यावर टाकू का, असे मी विचारले, तर म्हणाली, “छाती आवळतेय ना? मग उचलू नका.” मी म्हणालो, तू टाक. म्हणाली, “मला चक्कर येते.” अशा रीतीने, आमचे दोन्ही आजार उघड झाल्यामुळे, ती बॅग जागची हलली नाही.

मी पाहत होतो. जाता येता ती त्या बॅगेला वळसा घालून जाई आणि दर वळशाला तिच्यात काहीतरी पडे. कधी मोजे, कधी घडी घातलेला टॉवेल. मग एकदम भान येऊन ती ते बाहेर काढी. संध्याकाळी ती खिडकीशी उभी राही. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावरच्या टाक्या एवढेच दिसते. त्या टाक्यांकडे इतक्या आर्ततेने मी माणसाला पाहताना पाहिले नव्हते.

शेवटी मी पॉलिसी घेऊन तिच्यासमोर बसलो. बोलण्याऐवजी वाचून दाखवणे मला सोपे जाते.

“हे बघ. प्रवास रद्द केला तर भरपाई मिळते, पण कशाने? अपघात, नवा आजार, घरातला मृत्यू. माझा आजार पूर्वीपासूनचा, तो धरत नाहीत. आणि इथे स्पष्ट लिहिलंय, प्रवाशाचं मन बदललं म्हणून प्रवास रद्द केला तर दमडीही मिळणार नाही.”

“माझं मन कुठे बदललंय?” ती म्हणाली. “ते बदललं असतं तर बरंच होतं.”

“मग जा.”

“तुम्हाला असं टाकून? लोक काय म्हणतील?”

लोक दारातच उभे होते. आमचे दार संध्याकाळी उघडेच असते. “वहिनी, डबा माझ्याकडून,” मावशी म्हणाल्या. “तिकडच्यासारखं बेतशीर, कमी मिठाचं. भाऊंना कळणारही नाही काय खाल्लं ते.”

“मी रोज सकाळी येऊन बेल वाजवीन,” मॅनेजर म्हणाले. “साहेबांनी दार उघडलं की मी माझ्या वाटेने जाईन.”

“आणि नाही उघडलं तर?” पत्नीने विचारले.

“माझ्याकडे किल्ली देऊन ठेवा. हे अधिकृत मत.”

“आणि वैयक्तिक?” मी विचारले.

मॅनेजरांनी चष्मा काढला, पुसला. “आमची ही गेली, तेव्हा तिची बहीण यायची राहिली होती,” ते म्हणाले. “वहिनींना जाऊ द्या.”

मावशींनी आत येऊन, बॅगेत डोकावून जाहीर केले की एवढ्या मोज्यांत तिकडे निभाव लागणार नाही, आणि प्रश्न खरोखर मिटला.

त्यानंतरचे दिवस मी पत्नीला प्रवासासाठी तयार करण्यात घालवले, म्हणजे तिला भंडावून सोडले. कंपनीचा तातडीचा क्रमांक चार ठिकाणी लिहून दिला: पर्समध्ये, कोटाच्या खिशात, पासपोर्टच्या वेष्टणात आणि एका पुठ्ठ्यावर, जो गळ्यात अडकवावा अशी माझी सूचना तिने हाणून पाडली. दवाखान्यात जायच्या आधी कंपनीला फोन कर, नंतर नव्हे. पहिली ठरावीक रक्कम आपल्याच खिशातून जाते, बाकीची ते देतात. प्रत्येक पावती जपून ठेव. ती “हो” म्हणत होती आणि मावशींनी दिलेली औषधे, माझी औषधे, तिची औषधे यांच्या वेळा मला लिहून देत होती. दोघेही एकाच वेळी बोलत होतो. ऐकत कोण होते, देव जाणे.

विमानतळावर मला दारापर्यंतच जाता आले. बाजारहाटापलीकडे एकटी कधी कुठे न गेलेली ही बाई ढकलगाडीवर बॅग टाकून आत शिरली. गाडीचे एक चाक अडत होते आणि गाडी सारखी डावीकडे ओढत होती. म्हणून तिला मागे वळून पाहता आले नाही, असे मी समजून घेतले.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

“पोचले हो. आक्का न्यायला आली होती. मुलगा नको म्हणत होता, तरी आली.” मग थोडे थांबून, “बॅग नाही आली. दुसऱ्याच विमानात गेली म्हणतात.”

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. इतक्या खटाटोपानंतर अखेर एक अशी आपत्ती आली होती, जी पॉलिसीत स्पष्टपणे अंतर्भूत होती! सामानाला उशीर, पृष्ठ अकरा. मी उठून उभा राहिलो.

“विमानतळावरच लेखी तक्रार केलीस ना? तिची प्रत घेतलीस ना?”

“आक्काच्या मुलाने घेतली.”

“शाबास! आता नीट ऐक. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त उशीर झाला की निकडीच्या वस्तूंचा खर्च कंपनी देते. कपडे, ब्रश, साबण, चपला. जे लागेल ते घे, संकोच करू नकोस. फक्त पावती सोडू नकोस.”

“बरं,” ती म्हणाली. मागून कोणीतरी काहीतरी म्हणाले आणि फोन बंद झाला.

पुढचा दिवस मी दाव्याचा मसुदा तयार करण्यात घालवला. मॅनेजर सकाळी बेल वाजवायला आले ते मसुदा ऐकून गेले. त्यात एकही पळवाट नाही, असे त्यांचे अधिकृत मत पडले. आता फक्त आकडे भरायचे होते. डबा खाल्ला, गोळी घेतली. घर फार नीटनेटके दिसत होते. कोणतीही वस्तू मी ठेवली होती तिथेच सापडत होती, आणि ही गोष्ट मला दिवसभर खटकत राहिली. संध्याकाळी न राहवून मीच फोन लावला.

“काय काय घेतलंस? सावकाश सांग, लिहून घेतो.”

“काही नाही घेतलं.”

“काही नाही म्हणजे? दोन दिवस त्याच कपड्यांत आहेस?”

“आक्काचे घातलेत.”

“अगं, पण नवीन घेता येतात! पैसे मिळतात त्याचे! तसा हक्क आहे आपला, पृष्ठ अकरा...”

“मला लहानपणी नवीन कपडे कधी मिळालेच नाहीत,” ती म्हणाली. मला वाटले, गाऱ्हाणे सुरू झाले. पण आवाज गाऱ्हाण्याचा नव्हता. “आक्काला तोकडे झाले की ते मला. सगळ्यांना आक्काचाच वास. आता ती आखडलीय, मी सुटलेय, तरी तिच्या बाह्या मला लांबच होतात, बघा. म्हटलं, आक्का, हे मोठं होतंय. तर म्हणते, होऊ दे, वाढत्या अंगाचं आहे, दुमडून घाल.”

वाढत्या अंगाचे. माझी पत्नी साठी ओलांडून गेलेली आहे. मी पेन खाली ठेवले.

“दोघी झोपता कुठे?” मी विचारले.

“खाली. दोन गाद्या घातल्यात. तिला उठताना धरावं लागतं, मला चक्कर येते, मग दोघी एकमेकींना धरतो. थांबा, आक्काला बोलायचंय.”

फोन हातातून हातात गेल्याचा खडखडाट झाला.

“भाऊजी,” आक्का म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण आतून कोणीतरी त्याला टेकू दिल्यासारखा वाटत होता. “तब्येत जपताय ना?”

“जपतोय. आक्का, बॅगेचं काय झालं?”

“आत्ताच विमानतळावरून फोन आला होता. सापडली म्हणाले. आज संध्याकाळीच आणून देतो म्हणत होते.”

“वा! मग?”

“मी म्हटलं, घाई नाही. सावकाश आणा.”

त्यांच्यामागे माझी पत्नी हसली. इतक्या वर्षांच्या संसारात तिची सगळी हसणी मला पाठ आहेत, असे मी समजत होतो. हे त्यांतले नव्हते. हे माझ्या ओळखीच्या आधीचे होते. ते ऐकता ऐकता मी खिडकीपर्यंत कसा गेलो, कळले नाही. समोरच्या गच्चीवरच्या टाक्या अंधारू लागल्या होत्या.

“आक्का, जरा तिला देता का फोन?”

“ती आरशासमोर आहे हो, बाह्या दुमडतेय. थांबता का जरा?”

“थांबतो,” मी म्हणालो, आणि थांबलो.